डब्यातल्या तीन गोळ्या

आमच्या घरात गोळ्यांचा एक डबा आहे. तुमच्याही घरात असणार, उगाच नाही म्हणू नका. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या, झाकण हरवलेलं एक मलम आणि कधीच वेळेवर न सापडणारा थर्मामीटर. डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, आपल्याला दोन दिवसांत बरं वाटतं, उरलेल्या तीन डब्यात जातात. टाकून द्यायला जीव होत नाही. पुढं कुणाचा घसा धरला की डबा उघडायचा, पट्टी हातात द्यायची आणि म्हणायचं, "घे, यानं ह्यांना गुण आला होता." असं आम्ही वर्षानुवर्षं करत आलो आणि कुणाचं काही वाकडं झालं नाही. माझ्या बहिणीचं झालं.

मी शर्वरी. कराडच्या एका शाळेत मराठी शिकवते. वय चव्वेचाळीस, वजन बावन्न किलो, लग्नात होतं तेवढंच. हे मी कुणी न विचारता सांगते, ती माझी जुनी खोड आहे. माझी बहीण केतकी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. ती कोल्हापुरात असते, ब्लाउज शिवते, आणि तिच्यासारखी बाही अख्ख्या राजारामपुरीत कुणी बसवत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचं वजन एकशे अठ्ठावीस होतं. हेही मी सगळ्यांना सांगत असे, बरोबर 'बिचारी' जोडून.

ऑपरेशन गेल्या डिसेंबरात झालं. पोटाची पिशवी उभी कापायची, केळ्याएवढी नळी ठेवायची, बाकीची काढून टाकायची आणि कडा बारीक टाचण्यांनी शिवून घ्यायच्या. हे ऑपरेशन आता जुनं झालं, आमच्या शाळेतल्याच दोघींचं झालंय. पण त्यात एक अडचण होती. वर्ष-दोन वर्षं वजन उतरायचं आणि मग कित्येकांची भूक परत यायची. पोट लहान केलं तरी आतड्यातली वस्ती तीच राहायची ना.

ही वस्ती म्हणजे जिवाणूंची. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात हे सहावीच्या पोरांनाही ठाऊक असतं. अलीकडं कळलं ते हे, की ते नुसते राहत नाहीत, मागणीही करतात. आपण खाल्लेल्यातून ते काही रसायनं बनवतात, ती रसायनं पोटापासून मेंदूपर्यंत गेलेल्या एका लांब मज्जातंतूला चाळवतात, आणि मेंदूला वाटतं आपल्यालाच भूक लागली. गोडावर पोसलेली वस्ती गोडच मागते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत मात्र ती विस्कटलेली असते, कारण माणूस नुसत्या पातळावर असतो. नेमक्या त्या दिवसांत दुसऱ्या सडपातळ माणसाची वस्ती आत नेऊन सोडली तर ती मूळ धरते. रक्ताच्या नात्यातली असेल तर शरीर तिला फारसं परकं मानत नाही.

हॉस्पिटलात या उपचाराचं लांबलचक नाव होतं. पण तिथल्या आहारतज्ज्ञ फरझाना मुल्ला, त्यांनी आमच्या आईला एका वाक्यात समजावलं. "आजी, दूध कोमट झालं की आपण शेजारणीकडून आणलेलं विरजण लावतो ना? तसंच हे."

आई लगेच म्हणाली, "मग धाकटीचं लावा."

हे विरजण कशातून काढायचं ते तुम्ही ओळखलं असेल. हो, त्यातूनच. नाक मुरडू नका. दर सोमवारी सकाळी हॉस्पिटलची गाडी गार पेटी घेऊन कराडला आमच्या दारात यायची, मी डबी द्यायची, तिकडं ते धुऊन गाळून जिवाणू वेगळे काढायचे आणि संध्याकाळी ताईच्या पोटात एक कॅप्सूल. सहा सोमवार, सहा कॅप्सूल. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, म्हणाले, "इतकी वर्षं मेहुणीचे टोमणे खाल्ले आम्ही, आता हेही." आम्ही सगळे हसलो. ताई टाके दुखतात म्हणून पोटावर हात दाबून हसली.

आणि मी केवढी मिरवले म्हणता! शिक्षक खोलीत रोज तोच विषय. माझ्या आतड्याला कोल्हापुरातून मागणी आहे, म्हणून सांगायचे. पाच पानी करारावर सही केली होती. घरचं जेवण, रोज ताक, दारू नाही, आणि जंतू मारणारी कुठलीही गोळी नाही. घ्यावीच लागली तर ताबडतोब एक फोन करायचा. ते ठळक अक्षरात होतं. मी ते मोठ्यानं वाचलं होतं आणि त्यातली शुद्धलेखनाची एक चूकही काढून दाखवली होती.

ताईवर मात्र पहारा होता. तिला बासरीएवढी एक नळी दिली होती, ताई तिला फुंकणी म्हणायची. रोज सकाळी उपाशीपोटी तीत फुंकायचं. श्वासातल्या वायूंवरून आत काय आंबतंय ते कळायचं. हिरवा दिवा लागला तर ठीक. लाल लागला तर गोड किंवा पिठूळ काहीतरी पोटात गेलंय असं समजायचं, आणि हॉस्पिटलच्या नोंदीत आपोआप 'पथ्यभंग' पडायचा. तीन पथ्यभंग झाले की चौकशी आणि विरजण बंद. टाके ओले असताना खाल्लं तर ते उसवून माणूस जिवाला मुकतो, म्हणून नियम कडक होता. मला कुणी फुंकणी दिली नाही. कुणाच्या मनातच आलं नाही. बारीक बाईवर कोण पहारा ठेवतो?

पहिला आठवडा ताई नुसत्या पाण्यासारख्या पदार्थांवर होती. डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप, तेही औषधाच्या झाकणानं मोजून, दर दहा मिनिटांनी. घोट घ्यायचा नाही, ओठ ओले करायचे. शिवणयंत्रावर तिनं गजर लावून ठेवला होता. दुसऱ्या आठवड्यात ताक आणि दुधात कालवलेली प्रथिनांची पावडर आली. त्या आठवड्यात एकदा तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता.

"शरू, आज डाळीच्या पाण्यातला हिंग ओळखला मी. आणि एक सांगू? भूक नाही गं. आतून सगळं गप्प आहे. बाजूच्या घरातला रेडिओ कुणीतरी बंद केल्यासारखं वाटतंय."

"छान झालं की," मी म्हटलं.

"तुझ्यामुळं गं. हे टिकायला पाहिजे. बाबा गेले त्या वयाला मला अजून अकरा वर्षं आहेत." बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी साखरेनं गेले. आधी पायाचा अंगठा, मग पाय, मग ते.

फोन ठेवल्यावर मी आरशात बघून घेतलं. आपण कुणीतरी मोठ्या आहोत असं वाटत होतं मला.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी माझा घसा धरला. रविवारी शाळेचं स्नेहसंमेलन. वीस वर्षं निवेदन मीच करते, दुसऱ्या कुणाला 'प्रास्ताविक' नीट म्हणता येत नाही. मी गोळ्यांचा डबा उघडला. नवऱ्याच्या गेल्या वर्षीच्या खोकल्यातल्या तीन गोळ्या होत्या, जंतू मारणाऱ्याच. करार आठवला नाही असं म्हणायला मला फार आवडलं असतं. आठवला. गोळी तळहातावर होती आणि करारातली ती ठळक ओळ डोळ्यांपुढं होती. मी हिशेब केला. फोन केला तर मला यादीतून काढतील, माझ्या जागी आमच्या चुलतभावाचं विरजण लावतील, आणि शिक्षक खोलीत मला सांगावं लागेल की आता माझ्या आतड्याला मागणी नाही. तीनच तर गोळ्या, त्याही जुन्या, एव्हाना त्यांचा जोरही गेला असेल. शुक्रवारी एक, शनिवारी एक, रविवारी एक. निवेदन झकास झालं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आवाज काय लागलाय!"

सोमवारी गाडी आली. डबी देताना फोनवर नेहमीचा प्रश्न यायचा, 'या आठवड्यात कोणतंही औषध घेतलं का?' मी 'नाही' दाबलं. त्याला अर्धा सेकंद लागला असेल.

गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला. "शरू, लाल लागला गं."

"काय खाल्लंस?" मी विचारलं. बघा, मी विचारलं! माझ्या तोंडून आधी हेच निघालं.

"शपथेवर सांगते, काही नाही. कालचं कुस्करलेलं वरण, दोन चमचे. पण पोट फुगलंय आणि पहाटेपासून भूक लागलीय. गोड खावंसं वाटतंय."

"मशीन चुकत असेल," मी म्हटलं. 

आई माझ्याकडंच राहते. ती शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "खाल्लंनच असणार. लहानपणापासनं तिचं तोंड बंद राहत नाही."

आईचं हे 'लहानपणापासनं' कशावरून येतं ते मला पुरेपूर माहीत आहे. आत्याच्या साखरपुड्यासाठी बाबांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणले होते. पाहुणे यायच्या आधी खोकं उघडलं तर नऊ पेढे कमी. ताई अकरा वर्षांची होती आणि मी आठ. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ताईला मधल्या खोलीत उभं केलं, आणि ती "मी नाही, मी नाही" म्हणत राहिली. पाहुण्यांच्या गाडीचा आवाज आला तशी आई म्हणाली, कबूल कर नाहीतर आज जेवायला नाही. मग ताई एकदम शांत झाली आणि म्हणाली, "हो, मीच खाल्ले." त्यातले सात मी खाल्ले होते. त्या संध्याकाळी मी नवा परकर घालून पाहुण्यांना पाणी दिलं आणि सगळे म्हणाले, किती गुणी पोर.

गुरुवारीच फोन करायचा असं मी ठरवलं. मग म्हटलं, एकदाच लागलाय, उद्या हिरवा लागेल. दोन दिवस लागलाही. मग पुढच्या सोमवारची कॅप्सूल गेली आणि बुधवारी पुन्हा लाल. म्हटलं, आता सांगितलं तर विचारतील आधी का नाही सांगितलंत. जेवढा उशीर होत गेला तेवढं सांगणं अवघड होत गेलं, आणि तेवढाच आणखी उशीर. शाळेत मुलं गृहपाठ विसरली की हेच करतात आणि मी त्यांना वर्गाबाहेर उभं करते.

दरम्यान आईनं मला कामाला लावलं. "तू जा कोल्हापूरला. तिचे डबे बघ. तुला काय ती नाही म्हणायची नाही."

आणि मी गेले हो! ताई अंघोळीला गेली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून बघितला. रव्याच्या डब्यात हात घातला, पापडांच्या पिशव्या चाचपल्या. काही नव्हतं. मग तिची पर्स उघडली. आत राजगिऱ्याच्या चिक्कीचं अर्धं पाकीट होतं. ऑपरेशनच्या आधी तिची साखर अचानक उतरायची तेव्हासाठी ठेवलेलं, मला माहीत होतं, तारीखही ऑक्टोबरची होती. मी आईला फोनवर सांगितलं, "चिक्की आहे पर्समध्ये." तारीख सांगितली नाही. आईनं ते दाजींना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दाजींनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं.

दाजी वाईट नाहीत. ते घाबरले होते. किल्ली शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि ताईला मोजून वाटी आणून द्यायचे. ताईनं भांडण केलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं. मी झोपेत उठून खात असेन तर कळेल तरी." तिला स्वतःचीच खात्री उरली नव्हती. भूक लागत होती, मशीन लाल दाखवत होतं, घरचे सगळे तेच म्हणत होते. मग तिनं एक उपाय काढला. समोर आलेली वाटीही ती खाईना. काहीच खाल्लं नाही तर लाल कसा लागेल, असं तिचं गणित. प्रथिनांचं दूध ती बेसिनमध्ये ओतायची, व्हिटॅमिनच्या गोळ्यांतही साखर असेल म्हणून त्याही सोडल्या.

पाचव्या आठवड्यातल्या शनिवारी मी परत गेले. ताई यंत्रापाशी बसली होती. चेहरा उतरलेला, भांगात केस विरळ झालेले. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती आणि दोरा सारखा बाजूनं जात होता.

"दोन सुया दिसतात गं," ती हसून म्हणाली. "कुठल्या सुईत ओवू तेच कळेना."

"ताई, डॉक्टरांना सांगितलंस?"

"नको. म्हणतील चोरून खाऊन वर नाटकं करते." ती उठली तर पाय लटपटले, मी धरलं. दंड हातात घेतला तर कातडी सैल लागली. "सोमवारी चौकशी आहे. तिसरा लाल लागला ना काल. पाणी पिऊन होते मी, शरू. नुसतं पाणी, तरी लाल. मी काय करू सांग."

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. तेवढ्यात दाजी आत आले आणि मी म्हटलं, "मी चहा ठेवते." दाजींनी किल्ली काढून दिली.

सोमवारी आई आणि मी कोल्हापूरला निघालो. हायवेवर गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळं हाताला काही काम नव्हतं. पूर्वी निदान स्टीअरिंग तरी धरता यायचं. आई म्हणाली, "तुझं विरजण एवढं चांगलं, तिनं वाया घालवलं." मी खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर मोजत बसले.

फरझाना मॅडमच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. त्या, आई, दाजी, ताई, मी. मॅडमनी पडद्यावर ताईच्या श्वासाचे आलेख दाखवले. त्या रागावल्या नव्हत्या, हेच जास्त वाईट होतं. "केतकीताई, मी ओरडायला बसलेली नाही. काय खाल्लंत ते समजलं तर पुढचं ठरवता येईल. आम्ही यापुढं कॅप्सूल देऊ शकत नाही, पण तुमच्या टाक्यांना धोका नको."

"मी नाही खाल्लं," ताई म्हणाली.

"ताई, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत आलेख चढताच आहे."

"मी नाही खाल्लं हो."

"अगं सांगून टाक ना," आई म्हणाली. "सगळे तुझ्याच भल्यासाठी बसलेत इथं."

ताईनं आईकडं बघितलं, मग दाजींकडं, मग टेबलावरच्या कागदाकडं. तिचे खांदे खाली गेले. मी तो चेहरा आधी बघितला होता, मधल्या खोलीत.

"हो," ती म्हणाली. "मीच खाल्लं. झोपेत खाल्लं असेल. लिहा तसं. कुठं सही करू?"

"तिनं नाही खाल्लं!" मी ओरडले. माझा आवाज तिथं एवढा मोठा लागला की बाहेरून शिपाई डोकावला. "मी खाल्ल्या. गोळ्या. जंतू मारायच्या. तीन. दुसऱ्या आठवड्यात. आणि 'नाही' म्हणून दाबलं."

 मग मॅडमनी एक-एक प्रश्न विचारला आणि मी एक-एक उत्तर दिलं. कोणती गोळी, कुठल्या दिवशी, त्यानंतर किती डब्या दिल्या. ताईला दोन सुया दिसतात आणि तिचे पाय लटपटतात, तेही मी सांगून टाकलं. मग मॅडमनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. त्या गोळ्यांनी माझ्या आतड्यातले चांगले जिवाणू मेले आणि चिवट होते ते माजले. हॉस्पिटलात दर आठवड्याला डबीत फक्त रोगाचे जंतू तपासतात, वस्तीची मोजदाद पहिल्या खेपेलाच करतात, म्हणून ते तिथं कुणाला दिसलं नाही, असं त्या म्हणाल्या. ते चिवट जिवाणू कॅप्सुलांतून ताईच्या पोटात गेले. ते वरणाच्या पाण्यावरही वायू सोडतात, आणि काहीच मिळालं नाही तर आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरावरही. मशीनला तो वायू चोरून खाल्लेल्या गोडासारखा वाटला. भूकही त्यांचीच होती.

"एक फोन केला असतात तर," मॅडम म्हणाल्या, "तुमचं पहिल्या आठवड्याचं विरजण आमच्याकडं गोठवून ठेवलेलं आहे. यासाठीच ठेवतो आम्ही. गोळी घेणं हा गुन्हा नव्हता, बाई. दोन सुया दिसतात, पाय लटपटतात, ही एक जीवनसत्त्व संपल्याची खूण आहे. आणखी आठवडा गेला असता तर यांच्या नसा कायमच्या गेल्या असत्या." त्यांनी तिथूनच वॉर्डात फोन करून ताईसाठी सलाइन आणि इंजेक्शनं सांगितली.

दाजींनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. 

मग आई बोलली. "तिचा घसा दुखत होता हो. तीन गोळ्यांनी एवढं होईल हे तिला तरी काय माहीत?"

ताईनं हळूच मान वळवली. "तिचा घसा दुखत होता," ती म्हणाली. "आई, माझ्यासाठी असं एकदा तरी म्हणालीस का गं?"

 

वॉर्डात सलाइन लावल्यावर मी ताईच्या खाटेपाशी स्टुलावर बसले. माफी मागायची होती, पण ती मागायला तोंड कुठलं आणायचं? ताईच आधी बोलली.

"पेढे?"

"सात," मी म्हटलं. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

"नऊ गेले होते."

"हो."

"दोन मी खाल्ले होते," ताई म्हणाली. "म्हणून तर मला वाटायचं, चोर मीच. दोनाचे नऊ कधी झाले ते आपल्यालाच कळलं नसेल." ती छताकडं बघत होती. "छत्तीस वर्षं, शरू."

मी रडले. तिनं मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. नर्स आली आणि म्हणाली पेशंटला विश्रांती द्या, तशी मी उठून बाहेर आले.

त्यानंतर ताईला गोठवलेलं विरजण लावलं, आणि उरलेल्या खेपांना चुलतभावाचं. तिच्या नोंदीतले तीन पथ्यभंग मॅडमनी स्वतः खोडले आणि खाली कारण लिहिलं. ती पुन्हा चमच्या-चमच्यानं मऊ भातावर आली, मग मुगाच्या धिरड्यावर. एकेक घास वीस वेळा चावायचा, जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. डोळ्यांपुढची दुसरी सुई दोन आठवड्यांनी गेली. आतला रेडिओ मार्चमध्ये बंद झाला. माझ्याशी ती बोलायची, पण कामापुरतं.

हॉस्पिटलनं एक नियम बदलला. आता विरजण देणाऱ्यालाही फुंकणी देतात. मी विरजण देत नव्हते, तरी मॅडमना सांगून एक मागून घेतली. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ताईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि तिच्यासमोर फुंकायचं, असं मी ठरवलं. ती नको म्हणाली नाही. यंत्रात दोरा ओवता ओवता स्क्रीनकडं बघायची, हिरवा लागला की "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. महिनाभर असंच चाललं.

परवा सकाळी फुंकले आणि लाल लागला.

आदल्या दिवशी मी दोन भाकऱ्या, मुगाची भाजी आणि ताक, एवढंच खाल्लं होतं. साखरेचा दाणाही नव्हता.  आई ओट्यापाशी उभी होती, तिनं वळून बघितलं.

"काय गं? काय खाल्लंस चोरून?"

"काही नाही," मी म्हटलं. "खरंच काही नाही गं!" आणि माझंच मला ऐकू आलं, किती खोटं वाटतं ते. खरं असलं तरी.

स्क्रीनवर ताईनं हातातलं काम खाली ठेवलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. आता ती काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि तो तिचा हक्कच होता.

"आई," ताई म्हणाली, "तिनं काही खाल्लेलं नाही. तिचं आतलं विरजण अजून जमलेलं नसेल नीट, त्या गोळ्यांनंतर लागतात महिने. शरू, इकडं बघ. तू खाल्लेलं नाहीस, मला माहीत आहे."

तिनं कुठलाच पुरावा मागितला नाही. मी फोन हातात धरून उभी राहिले, शाळेची पहिली घंटा चुकली, आणि मला वर बघता आलं नाही.